कोळशाची मोटार आणि घासलेटचा डबा



इतिहासावरच्या व्याख्यानाला येणारा माणूस राजे, लढाया आणि तह ऐकायला मिळतील या अपेक्षेने येतो. आज आम्ही जो विषय घेतला आहे त्यात एक राजा आहे, एक करार आहे आणि पाच दिवसांची एक लढाईही आहे. पण या तिघांना आम्ही मागच्या बाकावर बसवणार आहोत. पुढे राहणार आहे तो घासलेटचा चार गॅलनचा पत्र्याचा डबा, आणि त्याच्या शेजारी पाठीवर भट्टी बांधून धापा टाकत चालणारी मोटार. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन गावांना जेव्हा जेव्हा तेल मिळेनासे झाले तेव्हा इथल्या माणसांनी दिवस कसे काढले, एवढाच आमचा प्रश्न आहे. तो लहान आहे असे आम्हांस वाटत नाही. एखाद्या गावात तेल येते कुठून आणि अडते कुठे, हे शोधू लागले की त्या गावावर सत्ता कोणाची होती, हेही कळू लागते.

हा विषय सुचला तो रांगेत. २०२४ च्या जानेवारीच्या १ तारखेला ट्रक आणि टँकरच्या चालकांनी नव्या न्यायसंहितेतील अपघातविषयक कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर बाहेर पडेनात. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या पंपांवर जी गर्दी उसळली तीत आम्हीही स्कूटर ढकलत दोन तास उभे होतो. २ तारखेच्या रात्री दिल्लीत बोलणे होऊन संप मिटला; म्हणजे टंचाई जेमतेम दोन दिवसांची. परंतु त्या दोन तासांत ओळीतली माणसे जे बोलत होती ते ऐकण्यासारखे होते. एकजण म्हणाला, "मनमाडला कुणी शिंकले की आपल्याला सर्दी होते." त्याला ठाऊक नसेल, पण शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास त्याने एका वाक्यात सांगितला होता.

नकाशा डोळ्यापुढे आणा. नांदेडला आगगाडी आली ती १९०० सालच्या आगेमागे, गोदावरीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मीटर मापाच्या लोहमार्गाने. हा मार्ग निझामाच्या राज्यातला; पण त्याचे वरचे टोक मनमाडला, म्हणजे मुंबई इलाख्यात. मुंबई बंदरात उतरलेला माल रुंद मापाच्या गाडीने मनमाडपर्यंत यायचा, तिथे हमाल तो उतरवून मीटर मापाच्या डब्यांत चढवायचे, आणि मग साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून तो नांदेडला पोचायचा. लातूरची वाट याहून चिंचोळी. अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने उभी केली. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि १९११ साली येडशी, ढोकी, मुरूड अशी लातूरला पोचली. हिचेही मूळ कुर्डुवाडीला, म्हणजे पुन्हा मुंबई इलाख्यात. दोन्ही गावे निझामाची, पण त्यांच्या तेलाची किल्ली इंग्रजांच्या मुलखात. आज नांदेडचे टँकर मनमाडकडून येतात, लातूरचे सोलापूरकडून. राज्ये बदलली, झेंडे बदलले, गाड्यांची मापे बदलली; वाट बदलली नाही. २०१८ साली पेट्रोलचे दर भडकले तेव्हा परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून वर्तमानपत्रांत गाजले. त्याचे कारणही हेच, मनमाडपासूनचे अंतर.

निझामाच्या राज्यात कोळसा होता. सिंगरेणीच्या खाणी राज्याच्या हद्दीत होत्या. त्यामुळे आगगाडीचे इंजिन कोणाच्या मेहेरबानीवर नव्हते. तेल मात्र थेंबभरही घरचे नव्हते. आसामातल्या दिगबोईला थोडेबहुत निघे. हिंदुस्थानात जळणारे घासलेट मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशातून यायचे आणि बाकीचे इराणच्या आखाताकडून. या तेलाला आपल्या लोकांनी नावेही किती दिली! मुंबईकडे गॅसलाइटचे घासलेट झाले, रॉक ऑइलचे रॉकेल झाले. आपल्याकडे जुनी माणसे ग्यासतेल म्हणत आणि दखनी बोलणारे शेजारी मिट्टी का तेल. वस्तू परकी असली तरी नाव घरचे दिले की ती घरची वाटू लागते. डब्याचेही तसेच झाले. तेल संपले तरी डबा संपत नसे. तोंड कापून आडवी काठी ठोकली की पाण्याचा डबा, झाकण बसवले की धान्याचा, उलगडून सपाट केला की छपराचा पत्रा.

मोटारीचे नाव निघाले म्हणून सांगावयास हवे की या बाबतीत निझामाचे राज्य मागासलेले नव्हते. १९३२ सालच्या जूनमध्ये निझाम स्टेट रेल्वेने आपले रस्ता-वाहतूक खाते काढले, तेव्हा त्यात २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. सरकारने स्वतः प्रवासी बस चालवणे ही त्या काळी हिंदुस्थानात अपूर्व गोष्ट होती. राज्याच्या कारभाराविषयी आमची मते काय आहेत ती पुढे येतीलच, पण चांगल्याला चांगले म्हणायला काही मोडत नाही.

मग महायुद्ध आले. १९४१ साली पेट्रोल कूपनावर गेले. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि एप्रिलमध्ये, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून, इंग्रजांनी येनानजावच्या तेलविहिरी स्वतःच उडवून दिल्या. इरावतीच्या काठी हे जळिताचे काम झाले आणि त्याचा अंधार इकडे मांजरा-गोदावरीच्या काठी पडला. ज्या शेतकऱ्याने ब्रह्मदेशाचे नाव ऐकले नव्हते त्याच्या घरातली चिमणी त्या वर्षी लवकर विझू लागली. महायुद्धाला जागतिक का म्हणतात हे चिमणीच्या वातीवरून समजते.

पेट्रोल नाही तर मोटार कशावर चालवायची? उत्तर मिळाले ते कोळशाचे. खाणीतला दगडी कोळसा नव्हे; लोणारी लोक लाकूड मातीखाली धुमसवून करतात तो कोळसा. बसच्या मागे किंवा बाजूला माणसाच्या उंचीचा लोखंडी नळकांडा बसवायचा, त्यात कोळसा भरून पेटवायचा आणि हवा अगदी मोजकी आत सोडायची. पुरती हवा मिळाली असती तर कोळसा जळून त्याची राख झाली असती. अपुऱ्या हवेत तो अर्धवट जळतो आणि त्यातून जळाऊ वायू निघतो. हा वायू नळीतून फिरवून थंड करायचा, त्यातली राख आणि काजळी गाळून घ्यायची आणि मग तो पेट्रोलच्या वाफेच्या जागी इंजिनाला द्यायचा. युरोपात, ऑस्ट्रेलियात, जपानात आणि हिंदुस्थानभर अशा गाड्या त्या वर्षांत धावत होत्या. निझामाच्या मुलखातही त्या आल्या.

ऐकायला ही युक्ती झकास आहे. प्रवास करणाऱ्याला विचारावे. सकाळी सातची बस असेल तर क्लीनर अंधारात उठून भट्टी पेटवी आणि हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घाली. वायू चांगला निघू लागला की नाही हे तो नळीच्या तोंडाशी काडी धरून पाही. ज्योत निळसर आणि स्थिर राहिली तर गाडी निघणार, नाही तर आणखी वारा. वाटेत दर काही मैलांवर थांबून आकडीने भट्टी ढवळायची, राख काढायची, पोत्यातला कोळसा भरायचा. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्शाने तरी कमी होई, कधी निम्म्याने. सपाटीवर हे चालून जाई. पण लातूरचा मुलूख बालाघाटाच्या अंगाखांद्यावर आहे. चढ आला की गाडी आचके देऊ लागे आणि कंडक्टर दार उघडून नुसता उभा राही. त्याला काही बोलावे लागत नसे. उतारू आपण होऊन उतरत. चांगल्या तिकिटाचा माणूस गाडीत बसेल, मधल्याने चालायचे, आणि स्वस्त तिकिटाच्याने ढकलायचे, असा विनोद त्या काळी होता. आमच्या वडिलांनी लहानपणी ही मोटार ढकलली होती. ते सांगत की ढकलण्याचे दुःख नव्हते, धोतर काळे होण्याचे होते. लग्नाला निघालेला माणूस तेराव्याहून आल्यासारखा दिसे.

हसण्यावारी नेण्यासारखी नसलेली एक गोष्टही त्यात होती. हा जळाऊ वायू म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत भट्टी धुमसत ठेवून शेजारी झोपलेला माणूस उठेलच याची खात्री नसे. थंडीच्या रात्री भट्टीची ऊब कोणाला नको होती? युक्तीची किंमत पुष्कळदा त्याच माणसाला द्यावी लागते ज्याचे नाव युक्तीच्या इतिहासात येत नाही.

दुसरी एक तोड राज्याने काढली होती. नांदेडपासून फार दूर नसलेल्या बोधनला १९३७ सालच्या सुमारास निझाम साखर कारखाना उभा राहिला. साखर निघाली की मळी उरते. त्या मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळायचा, याला पॉवर अल्कोहोल म्हणत, आणि त्याचा सरकारी कारखाना बोधनला निघाला. म्हैसूर संस्थानानेही असेच केले होते. आज उसाच्या इथेनॉलची पेट्रोलमध्ये भर घालतात आणि त्याचे नवे शोध म्हणून कौतुक होते, म्हणून ही आठवण मुद्दाम दिली. ज्यांच्या घरी तेल नव्हते त्यांना ऊस आधी आठवला, एवढेच.

आता घरातल्या उजेडाकडे वळू. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्या काळी आपल्याकडे चूल लाकडाची, गोवरीची, तुराट्यांची. तेव्हा घासलेटच्या टंचाईने स्वयंपाक अडला नाही; अडला तो उजेड. घासलेट कंट्रोलवर गेले तशी माळ्यावर टाकलेली समई आणि पितळी ठाणवई खाली आली. पण तीत घालायचे काय? करडई आणि जवस आपल्या शेतातले. परंतु तेच तेल फोडणीला, तेच दिव्याला, आणि भाव दोन्हीकडून चढलेला. एरंडी आणि करंजी यांची आठवण झाली. करंजीचे तेल धूर करी आणि कडू वासाने डोके उठे, तरी जळे. जेवणे दिवस मावळायच्या आत उरकू लागली. शाळेत जाणारी चार घरची मुले एका कंदिलाभोवती बसत. ज्याच्या घरचे तेल त्याने दिव्यासमोर बसायचे, हा अलिखित कायदा. खळ्यावरची कामे चांदण्या पाहून धरू लागले. पिठाच्या गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालत, त्या कधी चालू कधी बंद. इंजिनाचा पुकपुक आवाज थांबला की घराघरांतून जात्याची घरघर सुरू होई. गिरणी आल्यावर जाते सुटले म्हणून ज्या सासुरवाशिणींनी सुटकेचा श्वास टाकला होता त्यांच्या हाती खुंटा पुन्हा आला. महायुद्धाच्या इतिहासात या बायकांच्या तळहातांवरच्या घट्ट्यांची नोंद कुठे झालेली नाही, ती असायला हवी होती.

प्रवासाची गोष्ट निराळी. ज्याच्याकडे बैल होते त्याला पेट्रोलची टंचाई फारशी बाधली नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नांदेडकडची माणसे बैलगाडीनेच जात, लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला येणारा पंचक्रोशीतला मनुष्य पायी किंवा छकड्यातून येई. टांगेवाल्यांचे दिवस तर उलटे बरे आले. अडचण झाली ती नव्या लोकांची: वकील, डॉक्टर, अडत्ये, विद्यार्थी, म्हणजे ज्यांनी आपले आयुष्य बसच्या वेळापत्रकाला बांधून घेतले होते त्यांची. हे टंचाईचे एक लक्षण आहे. ती गरिबाला नेहमीची असते. मध्यमवर्गाला ती लागली म्हणजे तिला नाव मिळते.

युद्ध १९४५ साली संपले. टंचाई संपली नाही, आणि आता ती ज्या रूपाने आली त्याबद्दल आम्हांस थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण यावर आपण सहसा बोलत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. नांदेड आणि लातूर झाले नाहीत. निझामाने भारतात सामील व्हायचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दोन्ही पक्षांत एक वर्षाचा जैसे थे करार झाला, आणि तो मोडल्याचे आरोप दोन्हीकडून लगेच सुरू झाले. एकीकडे रझाकार आणि दुसरीकडे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालचे स्टेट काँग्रेसचे आंदोलन, अशी राज्यात धुमश्चक्री चालली. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, हे लातूरकरांना सांगायला नको. उमरखेडला, बार्शीकडे, सोलापूरकडे सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कँप उभे राहिले. आणि याच महिन्यांत सरहद्दीवरून हैदराबादेत जाणारा माल अडू लागला.

हैदराबाद सरकारची तक्रार अशी होती की भारत सरकार आपली आर्थिक नाकेबंदी करते आहे. पेट्रोल येत नाही, औषधे येत नाहीत, पाणी शुद्ध करायचे क्लोरिन येत नाही, यंत्रांचे सुटे भाग येत नाहीत. दिल्लीचे म्हणणे असे की आम्ही नाकेबंदी पुकारलेली नाही. शस्त्रे आणि लष्करी उपयोगाच्या वस्तू जाऊ नयेत एवढेच पाहतो, बाकी प्रांतांचे अधिकारी सरहद्दीच्या बंदोबस्तासाठी काय करतात ते स्थानिक परिस्थितीप्रमाणे. आता पेट्रोल ही लष्करी उपयोगाची वस्तू आहे की नाही? आहे. ते डॉक्टरच्या गाडीलाही लागते की नाही? लागते. या दोन होकारांच्या फटीत नांदेड-लातूरची सामान्य माणसे सापडली.

आम्ही स्पष्ट बोलतो. रझाकारांचा जाच खरा होता. रात्री लॉरीचा आवाज आला की गावातली माणसे लेकरे घेऊन ज्वारीच्या उभ्या पिकात शिरत, असे सांगणारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. राज्यात जे काही पेट्रोल उरले होते ते आधी पोलीस, फौज आणि त्यांच्या कृपेतील लोकांकडे जाणार हे उघड होते. म्हणजे पेट्रोल अडवले तर लॉरी अडते, आणि लॉरी अडली तर गाव एक रात्र सुखाने झोपते. हा हिशेब खोटा नव्हता. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही होती: टंचाईत लॉरी सर्वांत शेवटी थांबते, सर्वांत आधी थांबते ती गावाची बस आणि विझते ती झोपडीतली चिमणी. आणि ज्यांची चिमणी विझली त्यांतले बहुसंख्य लोक, हिंदू तर बहुतेक सगळेच, भारतात जायला आसुसलेले होते. ज्या घराची वाट पाहायची त्याच घराने दार लावून घ्यावे, तसे झाले. त्याच उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाची विमाने कराचीहून शस्त्रे घेऊन बीदरच्या धावपट्टीवर उतरत होती. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होते. बसला तेल नव्हते. विमानांना वाट होती.

आमच्या आजोळची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आजोळ येडशीच्या अलीकडे, निझामाच्या हद्दीत. बाजार बार्शीचा, मुंबई इलाख्यातला. आजी त्या वर्षी तीन-चार वेळा पायी बार्शीला गेली आणि जोंधळ्याच्या गाठोड्यात घासलेटची बाटली दडवून घेऊन आली. वाटेत नाकी दोन. पहिले भारताचे, तिथे माल बाहेर नेऊ नको म्हणून अडवत. दुसरे निझामाच्या करोडगिरीचे. तिथे माल आत आणतेस तर जकात दे म्हणून अडवत. एका बाटलीसाठी दोन राज्यांना चुकवायचे. आम्ही तिला एकदा विचारले, "आजी, मग तू कुणाच्या बाजूची होतीस?" ती म्हणाली, "मी अंधारात बाळंतीण झालेल्या सुनेच्या बाजूची व्हते." आमच्या थोरल्या मामेभावाचा जन्म त्या बाटलीच्या उजेडात झाला. नाकेबंदी योग्य की अयोग्य यावर आमचे मत आजही पुरते ठरलेले नाही. पण हा प्रश्न फक्त दिल्ली आणि हैदराबाद यांच्यातला होता असे कोणी लिहिले तर ते आम्ही मान्य करणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा चारी बाजूंनी आत आल्या आणि १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली. सोलापूरहून नळदुर्गमार्गे आलेल्या त्या रणगाड्यांच्या आणि ट्रकांच्या रांगा पाहून कित्येकांनी प्रथम विचार केला असेल तो इतके पेट्रोल एका ठिकाणी पाहिल्याचा. लोकांनी आनंद केला, तो खरा होता. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झाले तेही इतिहासात आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी त्याच वर्षअखेर हिंडून सरकारला जो अहवाल दिला आणि जो २०१३ साली लोकांसमोर आला, त्यात मुसलमानांवरच्या सर्वाधिक अत्याचारांचे म्हणून जे चार जिल्हे सांगितले आहेत त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. आधी रझाकारांनी घरे पेटवली, मग सूड म्हणून दुसऱ्यांची पेटली. बाळंतिणीच्या दिव्याला जे मिळत नव्हते ते पेटवणाऱ्याला कमी पडले नाही.

यापुढचा काळ आम्ही झपाट्याने ओलांडतो. काही वर्षांत करोडगिरीची नाकी गेली, १ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे सरकारने ताब्यात घेतली, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने १९५४-५५ साली सुरू झाले. शहरात स्टोव्ह आले. आणि इथेच टंचाईने आपले रूप बदलले. १९४२ साली रॉकेल नसले तर उजेड जाई. १९७४ साली रॉकेल नसले तर चहा जाई, भात जाई, आंघोळीचे पाणी जाई.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून माणसे थकली होती, तोच १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि तेल पिकवणाऱ्या देशांनी भाव वाढवत नेला. तीन डॉलरच्या घरातले पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेले. नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. त्याचे छायाचित्र पाहून आमच्या गल्लीतला गाडीवान म्हणाला होता, "ह्यात फोटो काढण्यासारखं काय हाय?" मग मे १९७४ मध्ये वीस दिवसांचा रेल्वे संप. मनमाडला आधीच रुंद मापाचा माल मीटर मापात बदलायचा. त्यात गाड्याच बंद. रेशन दुकानापुढे रॉकेलची रांग पहाटे चारला लागे, पण माणसांची नव्हे. दगड, वीट, फुटका तांब्या, एका पायातली चप्पल, अशा खुणा ओळीने मांडून माणसे घरी झोपायला जात. दुकान उघडले की प्रत्येक दगडामागे आपापला मनुष्य येऊन उभा राही. चुकून कोणाचा दगड सरकला तर त्यावरून डोकी फुटायची वेळ येई. पण दुसऱ्याचा दगड उचलून फेकला असे आमच्या पाहण्यात झाले नाही. त्याच वर्षी मराठवाडा विकासाचे आंदोलन पेटले. रुंद मापाची रेल्वे ही या भागाची जी मागणी गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे लावून धरीत राहिले तिच्यामागे केवळ प्रवासाची सोय नव्हती. मनमाडच्या फलाटावर अडकून पडणाऱ्या मालाचा राग त्यात होता. नांदेडला रुंद माप १९९० च्या दशकात मिळाले, लातूर-कुर्डुवाडीला २००७-०८ साली.

मध्यंतरी रॉकेल निळे झाले. रेशनचे स्वस्त तेल ओळखू यावे म्हणून त्यात रंग घातला. तरी ते पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळून विकणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अशी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. नांदेडला तेल येते त्याच वाटेवर हे घडले. ही वाट कधीच नुसती वाट नव्हती.

शेवटी लातूरची एक हकीगत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी संपले. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन मारामाऱ्या नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावावी लागली. तेव्हा पाणी रेल्वेने आणायचे ठरले. पाण्यासाठी एवढ्या मोठ्या टाक्या रेल्वेकडे कुठून असणार? पेट्रोलियमच्या मालाकरिता बांधलेल्या जातीच्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने आतून धुऊन काढल्या आणि मिरजेला पाठवल्या. १२ एप्रिलला पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. आम्ही त्या दिवसांत लातूरला होतो. नळकोंडाळ्यापाशी घागरी, कॅन आणि बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांची माणसे सावलीला बसली होती. ओळीत एक जुना पत्र्याचा चौकोनी डबाही होता, तोंडाला आडवी काठी ठोकलेला. गाडी आली ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी याच वाटेने, म्हणजे कुर्डुवाडीपासून पुढे, कॅलथ्रॉपच्या छोट्या गाडीने १९११ नंतर घासलेटचे डबे आणले जवळजवळ त्याच वाटेने. ऑगस्टात पाऊस बरा झाला आणि गाडी बंद झाली.